चतुःसीमा

कागद उलगडताना श्वास रोखून धरावा लागतो,
नाहीतर फसली सन बाराशे एकचा एखादा कोपरा
टेबलाखाली जातो
आणि सकाळी केरात निघतो.

मी मोडी वाचते. नागपूरच्या कचेरीत, अभिलेख कक्षात,
पानाला चाळीस रुपये.
पान फाटकं असलं तरी तेवढेच.

आज घोडखैरीचं कुरण आलंय.
सटवाजी पगडे, पागेतला सालोत्री:
"सरकारची सतरा घोडी पोटशुळाने आडवी जाहली
ती याणी रात्रंदिवस बसोन उभी केली,
सबब हे कुरण इनाम, पुत्रपौत्रादि."
खाली भोसल्यांची मोहोर. शाई टिपायला टाकलेली वाळू
अजून बोटाला लागते.

मग सीमा.
पूर्वेस मोहाची जोडी, पैकी एकीवर वीज पडलेली.
पश्चिमेस नाला.
उत्तरेस, पहाटेच्या नौबतीला सोडलेली घोडी
ऊन डोक्यावर येई तो चरत जेथवर गेली, तेथे धोंडा.
दक्षिणेस
दक्षिण वाळवीने खाल्ली.

पुढचे कागद जाड, इंग्रजी, रेघांचे.
बंदोबस्ताचा साहेब एप्रिलात आला, नाला कोरडा,
त्यानं लिहिलं : पश्चिम, अनिश्चित.
उत्तरेला धोंडे सापडले तीन, तिघांनाही शेंदूर.
सटवाजीच्या नातवानं हाच कागद पुढे केला.
साहेबाला मोडी येत नव्हती,
मुन्शीला येत होती, आणि मुन्शीला मुलीचं लग्न होतं.
दावा अकरा वर्षं चालला.
नातू जिंकला. जिंकला त्या दिवशी
अर्धं कुरण वकील त्र्यंबकराव देशकरांचं होतं
आणि उरलेलं गहाण.

मग मालगुजार. मग मालगुजारी गेली.
मग नकाशावर लाल पेन्सिल :
घोडखैरी लेआउट, प्लॉट दोनशे बारा, मोकळी जागा एक.
त्या मोकळ्या जागेसाठी आता
एक बिल्डर आणि पगड्यांचे सात वारस.
सातांपैकी एकानं मला फोनवर सांगितलं,
घोडा त्यानं जवळून एकदाच पाहिला,
स्वतःच्या वरातीत, आणि तो चावला.

समासात, दुसऱ्याच हाताची, बारीक ओळ आहे.
तीन दुपारी गेल्या ती लागायला.
"शिव चालोन दाखविली फागो गोवारी याणे.
गवत इनामदाराचे. वाट त्याची."
खाली निशाणी, काठी.

वकील म्हणाले, मॅडम, समासातलं कशाला?
तो काही पक्षकार नाही.
मी टाईप केली. पानाचे पैसे पानाचेच असतात,
समास धरून.

रविवारी ऑटो करून गेले. कशाला, विचारू नका.
मोह नाहीत. नाला आहे, त्यावर स्लॅब,
स्लॅबवर जिम, जिममध्ये
माणसं जागच्या जागी धावतात.
धोंडा एक मिळाला, ट्रान्सफॉर्मरला टेकलेला,
त्याला शेंदूर आणि वर नगरसेवकाचा वाढदिवस.

मोकळ्या जागेत म्हशी होत्या. पंधराएक,
आणि एक पोरगा, काठी काखेत, डोळे मोबाईलमध्ये.
चरत चरत त्या पुढे गेल्या, आणि मग
भर मैदानात, जिथे भिंत नाही, तार नाही,
साधा खड्डासुद्धा नाही,
पहिली वळली, तिच्यामागे सगळ्या.

काहून वळल्या रे?

"तिथूनच वयतेत ना त्या," तो म्हणाला,
मान वर न करता.

नाव विचारायचं राहिलं.
पावलंही मी मोजली नाहीत, टेप पर्समध्ये होता तरी.
सोमवारी अहवालाची शेवटची ओळ भरली :
दक्षिणेस, मजकूर नष्ट, वाचता येत नाही.
सही केली. शिक्का मारला.

पुढली तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची.
तोवर गवत कुणाचं,
कोर्टानं जैसे थे म्हटलंय.